झकास, आबा

सांगलीत माझी एक खोली आहे. भिंतींना फोम, खिडकीला जाड पडदा, आणि टेबलाखाली उसाच्या ट्रॅक्टरसारखा धापा टाकणारा जुना कॉम्प्युटर. मी मास्टरिंग करतो, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवतो. भजनी मंडळं, लग्नाची गाणी आणि निवडणूक आली की उमेदवारांची. त्यांना सगळंच कर्कश लागतं, त्यामुळे तिथं माझी अक्कल फारशी खर्ची पडत नाही.

माझे वडील, आबा, मिरजेत तंबोरे करायचे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं घासून किंचित उतरता करतात. त्यावर तार जेमतेम टेकून गुंजते, ती जवारी. घासणं थोडं चुकलं तर आवाज मुका होतो, नाहीतर झणझणतो. आबांची जवारी घ्यायला लांबलांबचे गाणारे मिरजेत येऊन दोन-दोन दिवस मुक्काम करायचे. अलीकडं कुणाला तेवढा वेळ नाही. तंबोरा फोनवर ऐकतात आणि मागवतात. त्यामुळे आवाज टिपून गिऱ्हाइकाला पाठवायचं काम माझ्याकडं आलं.

चार वर्षांपूर्वी असाच एक तंबोरा सांगलीत आणून लावला आणि कानात सुई गेल्यासारखं झालं. आवाजातले वरचे-खालचे स्वर कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरच्या आलेखावर तीन हजार हर्ट्झच्या पुढं, वरच्या स्वरांत, टेंगूळ आलं होतं. आबा आणि असली जवारी? मग पुढचाही तसाच निघाला, त्याच्या पुढचा आणखी झणझणणारा. तेव्हा उलगडलं. वय झालं की कानातून आधी वरचे स्वर जातात. आबांना गुंजन ऐकू येईना, म्हणून ते ऐकू येईपर्यंत घासत होते.

सांगायला हवं होतं. पण ज्या घरात कानावर चूल पेटते, तिथं बापाला तुमचा कान गेला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी भित्रा आहे. भित्र्या माणसाला यंत्र फार सोयीचं पडतं.

पहिल्यांदा नेहमीचा इक्वलायझर लावला. कॉम्प्युटरला त्याचा भार जाणवतही नाही. त्यानं टेंगूळ कापलं, पण आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा आला. दुसरा घेतला लिनिअर फेजचा. तो सगळे स्वर एकमेकांशी जुळलेले ठेवतो, पण हिशोब करायला वेळ घेतो, आणि तार छेडायच्या आधीच एक पुसट सावली ऐकू येते. शेवटी जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राची नक्कल करणारा एक सापडला. त्याच्यातून आवाज गोल, उबदार निघाला. लहानपणी मी शाळेचं दप्तर टाकून ज्या आवाजात झोपायचो, तोच. एवढ्यात कॉम्प्युटरचा पंखा किंचाळला, आवाज तुटला, स्क्रीन गोठला. प्रोसेसरला तो पेलवेना. मग बाकी सगळं बंद करून, आवाज न ऐकताच फाईल काढायची, पंधरा मिनिटं वाट बघायची, मग ऐकायची. असे मी आबांचे अकरा तंबोरे दुरुस्त केले. लाकडाला हात न लावता.

दर वेळी आवाज टिपून मी तंबोरा मिरजेला परत नेला की आबा विचारायचे, "बरी बसलीया न्हवं जवारी?"

"झकास, आबा."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक हवंय. देऊन टाकायचो.

आधीच्या दहा गिऱ्हाइकांनी काय केलं मला ठाऊक नाही. संकोचानं गप्प बसली असतील, किंवा दुसऱ्या कारागिराकडून परत जवारी काढून घेतली असेल. अकरावा तंबोरा मात्र परत आला. पुण्याच्या एक बाई, गाणं शिकवणाऱ्या. त्यांनी आबांनाच फोन केला, अगदी नम्रपणे. म्हणाल्या, "चुकून दुसराच तंबोरा आलाय का? फोनवर ऐकला तो हा नाही."

मी मिरजेला पोचलो तेव्हा आबा खोक्यातून तंबोरा काढून बसले होते. एका हातात फोन, त्यावर मी पाठवलेला आवाज. तो कानाला लावायचे, मग तार छेडायचे, पुन्हा फोन.

"मला तर दोन्ही सारकंच वाटतंय," म्हणाले. "तू ऐक."

मी ऐकलं. समोर तारा झणझणत होत्या आणि फोनमध्ये तरुणपणचे आबा वाजत होते. मी सगळं सांगून टाकलं. इक्वलायझर, अकराच्या अकरा तंबोरे, सगळं. म्हणालो, "आबा, तुमच्या जिवाला लागंल म्हणून बोललो न्हाई."

त्यांनी तंबोरा कापडी गवसणीत घातला, नाडी बांधायला लागले. बराच वेळ त्यांना ती गाठ जमत नव्हती, आणि मला पुढं होऊन मदत करायचं धाडस झालं नाही.

"कान गेल्यालं मला ठावं हाय रं," ते म्हणाले. "पाच-सा वर्सं झाली. तवाच काम सोडणार हुतो. पर म्हनलं, पोरगं आवाजातलं हाय, त्येला कळतंय. ते झकास म्हनतंय तवर करायचं."

त्यांनी कानस कापडात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली.

"मी उगं इचारत न्हवतो, लेका."