दुसऱ्या कानशीच्या खुणा

वडशाच्या जलालुद्दीनला पेटी वाजवता येत नव्हती म्हटलं तरी चालेल. तो बिघडलेल्या पेट्या सुरात आणून द्यायचा. स्टेशनच्या रस्त्यावर हातभर रुंदीचं दुकान, मागे घर, आणि मांडीवर कुणाच्या तरी पेटीचं पोट उघडलेलं. पितळेच्या पट्टीवर टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो. किती फिरवायची, ते मात्र कान सांगतो. तसा कान साऱ्या झाडीपट्टी मुलखात आपल्या एकट्याला आहे, अशी त्याची खात्री होती, आणि ही खात्री तो स्वतःपुरती ठेवत नसे. "आजची गाडीची शिटी अर्धा सूर उतरली बाप्पा," असं भर रस्त्यात ऐकवायचा. लोक हसायचे. दिवाळीनंतरच्या मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचा, हंगाम जवळ आला की हेच लोक त्याच्या पायरीवर पेट्या घेऊन बसायचे.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात त्याला थंडी वाजून ताप भरला. कमरेत कळा, लघवीला आग. बारसागडे डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी तापवून पाहिली आणि सांगितलं, मूत्रपिंडाला जंतू लागलेत. सल्फाच्या गोळ्या दिल्या. आठवड्यात जलालभाई पुन्हा मांडी घालून बसले. महिन्याने ताप परत आला. पुन्हा गोळ्या, या वेळी काही उपयोग झाला नाही. मग पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, कंबर चाळणी झाली, ताप तिथेच.

बारसागडे सज्जन माणूस, पण त्यांचंही काही चालेना. कोणता जंतू कोणत्या औषधाने मरतो, हे तपासायची सोय नागपूरला. इथे अंदाजानेच औषध निवडायचं.

चोपन्नच्या दसऱ्याला जलालुद्दीनला खाटेवर घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोला, आबिदाला, म्हणाले, "बाई, आता स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहतो. ताप जाईन याची मले खात्री आहे. पण हे औषध कधी कधी कानाले धरते." मग जलालुद्दीनकडे वळून, "कानात काही वाजलं, तर त्याच दिवशी सांगा. औषध बदलू."

पाचव्या दिवशी ताप गेला. सातव्या दिवशी कानात वाजायला लागलं.

बारीक, लांबच लांब, न थांबणारं. जलालुद्दीनने डोळे मिटून ऐकलं आणि, खोटं वाटेल, तो खूश झाला. काळी चार! पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, अगदी नेमका. हा वेडा समजला, की देवाने कानातच तंबोरा लावून दिला. मंडई पंधरा दिवसांवर आलेली, पायरीवर अकरा पेट्या, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा अंग हलकं झालेलं. सांगितलं तर इंजेक्शन बंद होईल. बंद झालं तर ताप येईल.

"कानात काही?" डॉक्टर रोज विचारायचे.

"नाई जी. काहीच नाई."

पुढच्या उन्हाळ्यात ताप परतला. पुन्हा तेच औषध, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आता वाजणं कायमचं झालं होतं. चालताना तोल जायचा. गाडीची शिटी उतरली की चढली, हे तो आता कुणाला सांगत नसे, हे आबिदाच्या लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही. नवरा जिवंत आहे एवढ्यावर ती समाधान मानत होती, आणि तिला दोष कोण देईल?

छप्पनच्या दिवाळीआधी गुणवंतराव पेटी घेऊन आले. नाटक मंडळीचे मालक, वीस वर्षांचा घरोबा. "भाता गळून राह्यला, जलालभाई. बाकी सूर मस्त आहेत. सुरांना हात नोका लावू."

असं कोणी सांगितलं की हात लावलाच पाहिजे. जलालुद्दीनने फळी उघडली. खालच्या पट्ट्यांवर त्याच्या स्वतःच्या हातच्या जुन्या, काळवंडलेल्या खुणा होत्या. वरच्या सप्तकात मात्र पितळ ताजं चमकत होतं. आडव्या, घाईच्या खुणा. त्याची कानस तिरपी चालायची.

त्याने फळी उजेडाकडे धरली.

"कोनाकडून करून आनली?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. "नागपूरहून. मागच्या साली वरचे सूर फाटून राह्यले होते. आमची गानारी दोनदा थांबली, लोकांनी हुर्यो उडवली. तुमाले कसं सांगू, भाऊ? जीभच नाई वळली."

"अन् बाकीच्यांच्या पेट्या?"

गुणवंतराव पेटीचे स्क्रू गोळा करू लागले. कानात वाजायला लागलं त्या मंडईच्या अकरा आणि त्यानंतरच्या बावीस. त्याने तशाच करून दिल्या होत्या, छाती पुढे काढून. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात पुन्हा थंडी भरली. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आतच तो बोलला, "वाजते जी. दोन सालापासून वाजते."

बारसागडेंच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी ती ठेवून दिली, कपाट उघडलं, कॅप्सूलची बाटली काढली. नंतर जे बोलले ते रागाने नाही, दुःखाने बोलले. "हे औषध मागच्या सालीही याच कपाटात होतं. यानं ताप जाईनच, असं मले छातीठोक सांगता येत नोतं. इंजेक्शनाचं येत होतं. म्हनून तर रोज विचारत होतो नं मी, जलालभाई."

कॅप्सूलनी ताप गेला. चौथ्याच दिवशी गेला, आणि पुन्हा आला नाही.

त्या हंगामात दुकान बंद असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण एक दिवस जलालुद्दीनने आबिदाला पडद्याआडून बोलावून समोर बसवलं. वीस वर्षं ती आत पोळ्या लाटताना हेच ऐकत आली होती. खालचे सूर त्याला अजून ऐकू यायचे, ते त्याने स्वतः लावले. वरच्या सप्तकाला आल्यावर भाता हलवत तो तिच्या तोंडाकडे पाहू लागला.

"जरा वर," ती म्हणाली. त्याने टोकाशी कानस फिरवली. "अजून." पुन्हा फिरवली. मग तिच्या कपाळावरची आठी गेली आणि तिने मान हलवली.

"लागला?"

"लागला."

त्याने तीच पट्टी पुन्हा वाजवली, कान लाकडाला लावून, बराच वेळ. त्याला ऐकू आली ती कानातलीच काळी चार.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

आबिदाने डोळे पुसले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "गोड आहे जी."