लाल छपराचा खेरिट

खेरिट माझ्याशी भांडत नसे. त्याचा मला भयंकर राग होता.

बाकी सगळ्यांशी तो भांडायचा. कुत्रं फिरवणाऱ्या म्हातारीशी, पोस्टमनशी, खेमेंते म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या माणसांशी. २००५च्या सुमारास नीउ-व्हेनेप या डच गावात तो आमचा शेजारी होता. शनिवारी सकाळी त्याच्या स्टॉक कारचं इंजिन सुरू झालं, की आमच्या कपाटातली भांडी वाजायची. मी तणतणत तक्रार करायला गेलो, तर त्याने इंजिन बंद करून मला कॉफी विचारली. "तू इथे पाहुणा आहेस," म्हणाला. पुण्याहून येऊन तीन वर्षं झालेली, टॅक्स भरता भरता कंबर मोडलेली, आणि मी पाहुणा!

स्टॉक कारची शर्यत हा सभ्य माणसांचा खेळ नव्हे. मातीच्या गोल ट्रॅकवर पुढच्या गाडीला मागून ठोकून बाजूला काढणं नियमात बसतं. गाडीचं छप्पर पांढरं असलेले नवशिके पुढून सुटतात, लाल छपराचे दादा सगळ्यांत मागून. खेरिटचं छप्पर वर्षानुवर्षं लाल होतं. देशपातळीवर त्याला कुत्रं विचारत नसे, पण आसपासच्या ट्रॅकांवर त्याने चषक भरपूर मिळवले आणि शत्रू त्याहून जास्त. "ब्रेक भित्र्यांसाठी, हॉर्न बायकांसाठी, बंपर माझ्यासाठी," असं तो सांगत सुटायचा. अत्यंत उद्धट माणूस.

त्याची जिरवायची म्हणून मीही एक जुनी गाडी मिळवली. "अरे, ही काय अवदसा आठवली तुला?" असं म्हणत बायकोने कपाळाला हात लावला. पहिल्या मोसमात खेरिटने सख्ख्या मेहुण्याला कुंपणात घातलं, मला मात्र प्रत्येक वेळी वळसा घालून गेला. एकदा चुकून घासला, तर नंतर येऊन चक्क माफी मागितली. सगळे मेकॅनिक दात काढत होते.

"मला का ठोकत नाहीस?" मी विचारलं.

"बाबागाडीला कोण ठोकतं?" तो म्हणाला.

ते मला फार लागलं. पुढचा अख्खा मोसम मी त्या ट्रॅकवर घाम गाळला. खेरिटच्या पाठीचे मणके तोवर निकामी झाले होते आणि तो शर्यत सोडणार होता. त्याच्या शेवटच्या फायनलमध्ये शेवटच्या फेरीला मी सगळ्यांच्या पुढे होतो, माझा माझ्यावरच विश्वास बसेना. मागून त्याचं इंजिन ऐकू आलं. तो बाहेरून गाडी काढायला लागला, मी बाहेर सरकलो. आतून घुसला, मी आत आलो. शेवटच्या वळणावर त्याला जायला वाटच ठेवली नाही.

पाठीत घण बसावा तसा धक्का बसला. गाडी गर्रकन फिरून कुंपणावर आदळली. शर्यत त्याने जिंकली.

तोंडातली माती थुंकत मी बाहेर पडलो, तर तो कमरेवर हात ठेवून समोर उभा.

"आज तू माझ्या वाटेत होतास," तो म्हणाला.

माफीबिफी काही नाही. मी त्याच्या सात पिढ्यांचा अस्सल मराठीत उद्धार केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याहून मोठ्या आवाजात डचमध्ये सुरुवात केली. लोक सोडवायला धावत आले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना हाकलून लावलं.