मोठ्या सिस्टरांचं लॉगबुक

आमच्या मोठ्या सिस्टर डूख धरायच्या. राग सगळ्यांनाच येतो आणि चार दिवसांत जातो. सिस्टरांचा जात नसे. एकदा ग्रामसेवकानं भर सभेत त्यांना "ए बाई, तू खाली बस" म्हटलं होतं. तीन वर्षांनी तो कुत्रं चावलं म्हणून इंजेक्शन घ्यायला आला. सिस्टरांनी सुई दिली, अगदी नीट दिली, पण आधी त्याला तासभर फरशीवर बसवलं. "खुर्च्या बायकांसाठी हायेत," म्हणाल्या.

मूळच्या दिंद्रुडच्या. आवाज असा, की बाळंतिणींच्या खोलीतून हाक मारली तर गेटावरचा चहावाला दोन कप भरायला घ्यायचा. मी त्यांच्या हाताखाली नर्स म्हणून नव्यानं लागले होते. बीड जिल्ह्यातला एक सरकारी दवाखाना, एवढंच सांगते. गावाचं नाव घेतलं तर तिथली चांगली माणसंही उगाच बदनाम होतील.

चाळिशी ओलांडल्यावर या बाईंनी दूरशिक्षणानं नर्सिंग-मिडवायफरीच्या पदवीला नाव घातलं. पुस्तकं पोस्टानं यायची. रविवारी त्या तासांना बीडला जायच्या. एरवी दुपारी ओपीडी उठली, की औषधाच्या खोक्यावर वही ठेवून मोठ्यानं वाचत बसायच्या, पाढे म्हटल्यासारखं. आमचा डॉक्टर हसायचा. तेव्हा मी त्याला 'सर' म्हणायचे, आता म्हणत नाही. "पोस्टानं नर्स होता येतं व्हय, सिस्टर? मग बाळंतपणं कुरियरनं करा!" सिस्टर हसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, गेला हा.

पण खरा डूख त्या विनोदाचा नव्हता. माझी थोरली बहीण, आक्का, तलवाड्याला दिलेली. नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. आक्काच्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. मीच तिला सिस्टरांकडे आणलं आणि सिस्टरांनी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. हा सकाळी सरकारी दवाखान्यात असायचा आणि संध्याकाळी बायकोच्या नावाची पाटी लावलेल्या स्वतःच्या दवाखान्यात. सकाळी काही बोलला नाही. संध्याकाळी तिकडे बोलावून सांगितलं, "पिशवी सडलीय. कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर घरचे हबकले. कारखान्यावर जायच्या आधी उरकून टाका म्हणाले. सव्वीस वर्षांच्या आक्काची गर्भपिशवी काढली. तेव्हापासून ती खाली बसली, की दोन्ही हात टेकवून उठते.

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात अंगावरून पांढरं जाण्यावर एक धडा होता. त्या दुपारी सिस्टर मोठ्यानं वाचत होत्या आणि मध्येच थांबल्या. तेच पान त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग ओळीवर बोट ठेवून मला जवळ बोलावलं.

"सात दिसाच्या गोळ्या होत्या गं. सात दिसाच्या! अन् मी नेलतं तिला तिथं. ह्या हातानं."

त्या रडल्या नाहीत. पुस्तक मिटलं, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाल्या, "ह्याची पाटी उतरवली न्हाई तर दिंद्रुडची न्हाई मी."

आता त्या पदवीला एक लॉगबुक लागतं. शिकणाऱ्या नर्सनं कोणती बाई तपासली, काय आढळलं, काय उपचार सुचवला हे त्यात लिहायचं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरनं पानापानावर 'तपासले, बरोबर' म्हणून तारखेसकट सही करायची. सिस्टर ओपीडीतली एकेक बाई नीट तपासायच्या आणि लिहायच्या: पिशवी नॉर्मल, जंतुसंसर्ग, गोळ्या पुरेशा, ऑपरेशनची गरज नाही. बाईलाही बजावायच्या, "गोळ्या खा माय. काढू नको." काही ऐकायच्या. काही संध्याकाळी तिकडे जायच्या, घाबरायच्या आणि काढून मोकळ्या व्हायच्या. नंतर टाके दाखवायला आल्या, की सिस्टर त्यांना एवढंच सांगायच्या, "त्याचे कागद जपून ठिव."

रोज ओपीडी संपली, की त्या मान खाली घालून लॉगबुक डॉक्टरपुढे धरायच्या. तो मोबाइलवर बोलत बोलत पानं उलटायचा आणि फराफरा सह्या ठोकायचा. पोस्टाच्या नर्सचा गृहपाठ कोण वाचतो!

"सिस्टर, त्यानं वाचलं तर?" मी एकदा विचारलं.

"न्हाई वाचायचा. वाचायला समोरच्याला माणूस समजावं लागतं."

दोन वर्षं हे चाललं. मग बायकांच्या तक्रारी वर गेल्या आणि चौकशी समिती आली. डॉक्टर निवांत होता. सगळ्यांच्या पिशव्या खराबच होत्या, असं त्यानं समितीला लिहून दिलं. तेव्हा सिस्टर उठल्या. एका हातात लॉगबुक, दुसऱ्या हातात बायकांनी जपलेले त्याच्या दवाखान्याचे कागद. बाई तीच, तारीख तीच. सकाळी 'नॉर्मल', खाली त्याची सही. संध्याकाळी 'सडलेली', खाली त्याचीच सही.

"सही तुमचीच हाय ना, सर?" सिस्टरांनी कधी नव्हे त्या मऊ आवाजात विचारलं. डॉक्टरनं रुमाल काढला. खोटं कशाला बोलू, त्याच्या कपाळावरचा घाम बघून मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आजही आठवला की बरं वाटतं.

तो निलंबित झाला, पाटी उतरली. ती उतरत असताना आम्ही दोघी समोरच्या टपरीवर चहा पीत उभ्या होतो. सिस्टरांनी दुसरा कप मागवला.

लॉगबुक मात्र समितीनं पुरावा म्हणून नेलं, ते परत आलंच नाही. मूळ लॉगबुक नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. सिस्टरांनी अर्ज केले, खेटे घातले. पदवी मिळाली नाही, बदली मिळाली, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. स्टँडवर मी रडत होते. त्यांनी पुस्तकांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "रडती कावून? डिगरी गेली तर गेली. आता तू नाव घाल. अन् त्यो कुठं जातो त्याच्यावर डोळा ठिव."

मी डोळा ठेवला. निलंबन उठलं. आता तो शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बसतो आणि तिथंही संध्याकाळची एक पाटी लागलीय, मेव्हण्याच्या नावाची.

यंदा मी त्याच पदवीला नाव घातलं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: प्रात्यक्षिकासाठी कोणता दवाखाना हवा? मी त्याचा लिहिला. तो मला ओळखेल आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचेल. वाचू दे. वाचावीच लागेल, त्यासाठीच तर चाललेय.

आक्काला हे सांगायला गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला बी संगं ने," ती म्हणाली. "पैली केस माझीच लिही. अन् त्याच्याखाली सही त्याची घे."