‘पर्यंत’चा रकाना

रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत बसलो होतो. समोरच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांचा निळा फलक आहे. नाव, पासून, पर्यंत, असे त्याला तीन रकाने. स्टुलावर उभे राहून पेंटर बाबूकाका त्यावर नव्या सरपंचांचं नाव लिहीत होते, आणि नवे सरपंच दत्ताअण्णा खाली उभे राहून सूचना करत होते.

“काका, अक्षर जरा मोठं काढा. दारातून दिसलं पाहिजे.”

“मोठं काढलं तर खालच्या ओळीत जाईल, अण्णा.”

“जाऊ द्या की. मोकळीच तर आहे.”

काका नुसतं ‘हं’ म्हणाले आणि जुन्या नावांच्या मापानेच लिहीत राहिले.

मी वरची नावं वाचू लागलो. पहिल्या नावाचा रंग इतका उडालाय की आडनाव अंदाजानेच लावावं लागतं. तेही गृहस्थ कधीतरी असेच मान वर करून इथे उभे राहिले असतील. हसू आलं, पण हसायचं कुणाला? शाळेत बाकावर कर्कटकाने नाव कोरल्याशिवाय मलाही राहवलं नव्हतं. सत्ता आली की बाक तेवढा मोठा होतो, कर्कटक तेच.

‘पासून’खाली तारीख घालून काकांनी ब्रश पुसला. शेजारचा रकाना कोराच राहिला.

“हे रिकामं बरं नाही दिसत,” अण्णा म्हणाले. “हे कधी भरणार?”

रंगाच्या डब्याचं झाकण दाबत काका म्हणाले, “तुमच्या खालचं नाव लिहायला येईन ना, तेव्हा.”