पिकलेली केबल

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कोळशाच्या विजेचा आवाज वेगळा असतो आणि पाण्याच्या विजेचा वेगळा. कोळशाच्या विजेवर तबला घट्ट वाजतो, पाण्याच्या विजेवर ओलसर. पवनचक्कीच्या विजेवर तर बासरी ऐकूच नये, आत नुसती हवा! हा शोध लावणारा महापुरुष आमच्या इंदिरानगरातल्या इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. उभी नोकरी त्याने एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर म्हणून केली होती. अडाणी माणसाला असले शोध लागत नाहीत. त्यासाठी शिक्षण लागतं.

समोर आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. पाठीमागे वायरमन. एकदा इमारतीच्या जिन्यातले दिवे गेले. सगळे बिऱ्हाडकरू मोठ्या आशेने साहेबांच्या दारात जमले. साहेब बाहेर आले, फ्यूजच्या पेटीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "वायरमन बोलवा. फ्यूज बांधणं हे हाताचं काम. माझं काम कानाचं." त्या दिवशी बारसं झालं.

साहेबांना नाद होता घरी गाणं ऐकण्याच्या यंत्रांचा. मशीन बरं होतं, स्पीकर बरे होते, पण जीव अडकला होता तो या दोघांना जोडणाऱ्या केबलमध्ये. आपण ज्याला वायर म्हणतो ती. परदेशातून मागवलेली, अंगठ्याएवढी जाड, वर निळ्या रेशमी जाळीचं वेष्टण, आणि सापाला असावा तसा तिला तोंड-शेपटीचा फरक. उलटी जोडली तर म्हणे गायकाचा घसा बसतो. माझं मत मी तेव्हाही लपवलं नाही, आजही लपवत नाही. घरी चार गाणी ऐकणाऱ्या माणसाला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर पुरते. त्याहून महाग घेतलेली वायर आवाज सुधारत नाही, फक्त घेणाऱ्याची मान ताठ करते. हे मी साहेबांना म्हणालो, तर ते करुणेने हसले. "शेजारी," ते म्हणाले, "फरक आहेच. तो तुमच्या लायकीचा आहे का, एवढाच प्रश्न आहे."

दर रविवारी सकाळी वर दरबार भरे. आधी घरातला फ्रिज बंद होई, कारण तो वीज गढूळ करतो. दूध नासे, पण वीज निवळे. हॉलच्या मधोमध एकच खुर्ची. खरा आवाज फक्त तिथेच पोचतो, असं साहेबांचं म्हणणं, त्यामुळे बाकीचे भिंतीला टेकून पाळी येण्याची वाट बघत. सतारीची एकच रेकॉर्ड लागे, आणि आलाप जरा रंगात आला की साहेब खटकन बंद करत. "काय जाणवलं?" ही परीक्षा. मी लवकरच शहाणा झालो. "पडदा सरकला साहेब," म्हटलं की पास. "मोकळं झालं," म्हटलं की पाठीवर थाप. हे एकदा मी पोटाच्या तक्रारीबद्दल म्हणालो होतो, तरी थाप मिळाली. जात का होतो? साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, हातचे दडपे पोहे. दुसरं कारण शोधू नका.

या दरबारात गाण्याचं वेड असलेला माणूस एकच, नामपूरचे बापू. कांद्याचे व्यापारी, गाडी घेऊन नाशिकला आले की रविवारी हजर. त्यांना बिचाऱ्यांना वाटे की इथे गाणं ऐकायला मिळतं. एकदा आलाप कापल्यावर ते कळवळून म्हणाले, "साहेब, एक डाव पुरं तं वाजू द्या ना!"

"बापू, पुरं वाजलं की माणूस गाण्यात जातो," साहेब म्हणाले. "मग केबल कुठून ऐकू येणार?"

बापूंनी हात जोडले. इतके जोडले की पुढच्याच खेपेला साहेबांमार्फत तीच केबल स्वतःसाठी मागवली. नामपूरला ती कपाटात ठेवून ते तिला उदबत्ती ओवाळत, असं ऐकून होतो.

नवी केबल लगेच गात नाही. ती पिकावी लागते. हा साहेबांचा लाडका शब्द. केळी पिकावीत तशी ती महिनोन् महिने मशीनला जोडून, गालिच्याखाली, कोणाच्या नजरेला न पडता पिकत असे. या पिकण्यात विघ्न आलं ते वहिनींच्या भजनी मंडळाचं. शनिवारी बायका त्याच हॉलमध्ये जमत. टाळांनी केबल बिथरते, असा निकाल लागला आणि मंडळ खाली पार्किंगमध्ये गेलं. स्कूटर आणि पाण्याच्या पंपाच्या मध्ये बसून त्या बायका गात. वहिनी पेटी उचलून जिना उतरायच्या, चढायच्या. एकदा पेटी मी घेतली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, घर माझंही आहे ना हो?" मी पेटी घेऊन पुढे झालो.

मग आली दिवाळीची साफसफाई. साहेब नेमके बहिणीकडे गेलेले. वहिनींनी गालिचा उचलला, सगळं सोडवलं, झटकलं, पुसलं. त्याच आठवड्यात गॅलरीतली कपड्यांची दोरी तुटली होती. हाताशी निळी केबल होती. जाड, मऊ, झोळ न पडणारी. वहिनींना तिची किंमत ठाऊक असती, तर त्यांनी तिला बोटही लावलं नसतं. पण रागवतील म्हणून साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "काही नाही गं, ऑफिसातली जुनी पडलेली." तेव्हा ऑफिसातली जुनी पडलेली गॅलरीत ताणली गेली, आणि मशीनला दाराच्या बेलची उरलेली पिवळी वायर लागली. गालिचा पुन्हा अंथरला. दारात सुंदर रांगोळीसुद्धा.

साहेब परतले. रविवारी खुर्चीत बसले, सतार लावली, आणि त्यांचे डोळे पाणावले. "पिकली!" त्यांनी आरोळी ठोकली. "शेवटी पिकली! ऐका, सतारिया समोर बसल्यासारखा वाजवतोय." आम्ही सगळ्यांनी पडदा सरकल्याचं जाहीर केलं. त्याच भरात ते केबलला मोजलेली किंमतही मोठ्याने बोलून गेले. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या वहिनी जागच्या जागी थिजल्या. मी सहज गॅलरीकडे बघितलं. दोन पंचे आणि एका परकराच्या मधून निळं रेशीम चमकत होतं.

स्वयंपाकघरात मी आनंदाने जवळजवळ नाचलो. "वहिनी, सांगू? आत्ताच्या आत्ता सांगू?"

"खबरदार," त्या म्हणाल्या. "तोंड बघितलंत का त्यांचं? लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते."

म्हणून मी गप्प बसलो, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचे काय हाल झाले असतील ते ओळखा. साहेब त्याच केबलवर आपला टॉवेल वाळत घालत आणि आत येऊन बेलच्या वायरीचं कौतुक करत.

साहेब गेले, त्याला आता वर्ष होईल. शोकसभेत त्यांच्या कानाबद्दल बरेच लोक बोलले. असा कान पुन्हा होणे नाही वगैरे. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, मला डोळ्यांनी दटावत होत्या, म्हणून मी दोन शब्द बोलून खाली बसलो. उरलेले इथे बोलतो. आता त्यांची हरकत नाही, विचारून घेतलंय.

तो शेवटचा मोठा रविवार. केबल इतकी पिकल्यावर तिला शोभेल असा हॉल हवा, असं साहेबांनी ठरवलं होतं. भिंतींवर जाड गाद्या ठोकायच्या, देवघर आणि पेटी बोळकांडीत, आणि हॉलमध्ये टाळ कायमचा बंद. सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता. वहिनी सकाळपासून कोणाशी बोलल्या नव्हत्या. पोहेही नव्हते.

साहेबांनी नुकतीच सतार लावली होती. रात्रभर गाडी चालवून आलेले बापू आंघोळ करून, ओला टॉवेल घेऊन गॅलरीत गेले. आणि आतला आलाप फाटेल अशी हाक आली, "ओ साहेब! हाई तं आपली केबल शे! मी चड्ड्या वाळत घालतोय हिच्यावर!"

सतार एकटीच वाजत राहिली. साहेबांनी गालिच्याचं टोक उचललं. पिवळी वायर. माझ्या आयुष्यात मी ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण समोर होता, आणि त्या माणसाचा चेहरा बघून मला हसता येईना.

वहिनी दारात आल्या. "दिवाळीपासून आहे तिथे," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या सुतार येणार नाही. आणि शनिवारी माझ्या बायका या हॉलमध्ये बसतील."

साहेबांनी मान हलवली. बरं, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हाताऱ्यासारखे उठले, गॅलरीत गेले, बापूंच्या चड्ड्या बाजूला सारल्या, केबलवरून हात फिरवत राहिले. आत सतार पहिल्यांदाच आलाप ओलांडून तबल्याच्या साथीच्या गतीपर्यंत पोचली होती. ती ऐकता ऐकता त्यांची मान वर झाली. ते वळले, तेव्हा चेहरा लखलखत होता, आणि सगळी इमारत ऐकेल अशा आवाजात ते म्हणाले,

"बघा! नुसती घरात असली तरी एवढा फरक पडतो!"