खांद्याजवळची शिवण

अल्लाबक्षला स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. घोडेगावात त्याचं दुकान माझ्या जनावरांच्या औषधांच्या दुकानाला लागून आहे, त्यामुळे त्याची चुळबुळ मला रोजचीच. बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगुरमाळा, गाडीचे पट्टे हे त्यांचं पिढीजात काम. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले आणि हा ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागला. पण शुक्रवारी बाजार भरला की शिवायची आरी आणि मेणाचा दोरा खिशात घालून जनावरांच्या रांगांतून फिरणार म्हणजे फिरणार. आपण केलेल्या म्होरकीची शिवण उसवलेली दिसली की तिथंच उकिडवा बसायचा आणि टाके घालून द्यायचा. मालकानं सांगितलेलं नसायचं, पैशाचा तर विषयच नाही. आपल्या हातचं काम फाटकं फिरताना दिसलं की त्याला घास गोड लागत नसे.

त्याची मुलगी मेहरीन इंजिनिअर झाली आणि पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनी करते काय, तर माणसांना अंतराळात नेणारं यान बनवते. सरकारी नव्हे, खासगी. मी म्हणालो, "अल्लाबक्ष, हितं एसटी येळेवर येत न्हाई अन् हे वर चालले!" तो हसला नाही. हसण्यासारखं नव्हतंच म्हणा, त्या धंद्याला कसला नेमच नव्हता. पैसे लावणारे आले, बघून गेले, मग दुसरे आले. यान उडायचं साल दरवर्षी पुढं सरकायचं. मेहरीनचा पगार कधी पुरता, कधी अर्धा. फोनवर ती बापाला "सगळं छान आहे" म्हणायची. फोन ठेवला की बाप माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. शेवटी मीच वैतागून म्हणायचो, "एक तर बस, न्हाई तर जा."

मग खुर्चीच्या चाचणीची वेळ आली. अंतराळवीर ज्या खुर्चीत बसणार, तिच्यात माणसाच्या वजनाचा पुतळा बांधायचा, खुर्ची उंचावरून खाली सोडायची आणि पट्टे तो झटका सोसतात का ते बघायचं. परदेशातून पट्टे यायला उशीर होता आणि कंपनीला थांबणं परवडणारं नव्हतं. मेहरीननं मापं आणि पट्ट्यांचं कापड आणून बापापुढं ठेवलं. चाचणी पास झाली तर नवा पैसा येणार, नाही झाली तर कंपनीला कुलूप, हे तिनं त्याला स्पष्ट सांगितलं. लांब शिवणी यंत्रावर झाल्या. खांद्याजवळच्या कडीपाशी मात्र घड्या इतक्या जाड, की यंत्राची सुईच मोडायची. तेवढं त्यानं हातानं शिवलं.

चाचणीच्या दिवशी माझ्या गाडीतून मीच त्याला घेऊन गेलो. मोठ्या शेडमध्ये लोखंडी मनोरा उभा होता. खुर्ची सुटली, दाणकन आदळली, पुतळा जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासणीसाठी बाहेरून आलेले साहेब आधी संगणकावरचे आकडे बघायला आतल्या खोलीत गेले, मेहरीन आणि बाकीचेही त्यांच्या मागं गेले. अल्लाबक्ष खुर्चीभोवती घुटमळत राहिला. मी तोंडावर पाणी मारून परत आलो तेव्हा तो आरी खिशात ठेवत होता.

साहेब बाहेर आले. त्यांनी भिंग लावून एकेक पट्टा तपासला. "कुठंच काही उसवलेलं नाही. उत्तम काम!" म्हणाले. चाचणी पास. कुणीतरी पेढे आणले, चहा आला आणि कित्येक महिन्यांनी मेहरीन मोकळेपणानं हसली.

अल्लाबक्ष तिच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "बेटा, खांद्यापाशी दोन बोटं उसवलं हुतं. त्याच भोकांतून टाके घालून दिले. तुजं नाव खराब व्हायला नगं."

मेहरीनचा चेहरा पांढरा पडला. "अब्बा, उसवतंय का, तेच तर बघायचं होतं!"

"आता न्हाई ना उसवलेलं."

"आता नाही. पण उद्या त्या खुर्चीत खरा माणूस असेल. तेव्हा तिथं शिवायला कोण असणार?"

अल्लाबक्षनं हातातली कपबशी खाली ठेवली. साहेब चार पावलांवर पेढा खात होते. खोटं कशाला सांगू, मला मनापासून वाटलं की आता सगळ्यांनी गप्प बसावं. दोन बोटांनी असं काय होतंय? माझ्या डोळ्यांपुढं पोरीची नोकरी होती. मेहरीन कपातल्या चहाकडं बघत राहिली, पण तिनं तो तोंडाला लावला नाही.

अल्लाबक्ष उठला आणि साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, ह्यो पट्टा उसवला हुता. म्या शिवला. पोरीला आत्ता सांगितलं." साहेबांना आधी काही उमगेना. मग त्यानं ती जागा बोटांनी दाखवली. "बैलाची म्होरकी तुटली तर बैल पळतो, शेजारच्या गावात घावतो. ह्यातला माणूस सुटला तर कुठं घावंल?"

साहेबांनी अर्धा पेढा खाली ठेवला. चाचणी रद्द झाली. कुणी आरडाओरडा केला नाही, आणि तेच जास्त लागलं. कंपनीचे मालक मेहरीनला एवढंच म्हणाले, "तुम्ही घरी जा. काय ते कळवतो."

मेहरीनला घेऊन आम्ही घोडेगावाकडं निघालो, वाटेतलं सुपा गाव मागं पडलं. अल्लाबक्ष काच खाली करायचा, वर करायचा. एरवी मी त्याच्यावर ओरडलो असतो. चाचणी पुन्हा होईल की कंपनीच बंद होईल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं.

"तुजी नोकरी म्या घालवली," शेवटी तो म्हणाला.

मेहरीन मागच्या सीटवर होती. "अब्बा, तुम्ही उठला नसता तर मी गप्प बसणार होते. माझं ठरलं होतं."

"ठाव हाय," अल्लाबक्ष म्हणाला. "तुजं तोंड बघितलं, म्हणून तर उठलो."