शोभेचं जहाज

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात काचेचं एक कपाट आहे आणि त्यात माझी जहाजं. लाकडाची, हातभर लांब, शिडांसकट. मी शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हापासूनचा हा नाद. सुताराकडून फळ्यांचे तुकडे आणायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, मांजरपाटाची शिडं शिवायची. आमचे हे कायम चिडवायचे, "अगं, इथं खाम नदीला पाणी नाय, अन् तू जहाजं बांधतीस!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मुलांना गोडी लागावी म्हणून मी जिवाचं रान केलं. दोघंही जरा वेळ घासायचे आणि खाली क्रिकेटचा आवाज आला की पसार. आता माझा हात थरथरतो. माझ्यामागं हे कुणी करणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटायचं.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत नात राहायला आली. हाताची स्थिर, तोंडाची फटकळ. महिनाभर आम्ही दोघींनी मिळून जहाज केलं. त्याला व्हार्निश देऊन मी कपाटात जागा करत होते, तेवढ्यात तिनं विचारलं,

"आज्जी, हे तरंगतं ना?"

"तरंगायला कशाला पाहिजे? शोभेचं आहे."

"म्हणजे एवढी जहाजं केलीस अन् एकदापण पाण्यात सोडली नाहीस?"

स्वयंपाक करून कधी चाखलाच नाही अशा बाईकडं बघावं, तशी ती माझ्याकडं बघत राहिली. मला राग आला. "रविवारी सोडूच मग," मी म्हटलं.

रविवारी एसटीनं पैठणला गेलो. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी मागं हटलं होतं, म्हणून चिखल तुडवत काठ गाठला. तिनं जहाज पाण्यात ठेवलं. ते क्षणभर उभं राहिलं आणि सरळ कुशीवर आडवं झालं. जहाजाचं काही नाही, दुसरं करता आलं असतं. पण पोरगी आता हिरमुसणार आणि मुलांसारखीच हे सोडून देणार. मी म्हटलं, "चल, उसाचा रस पिऊ."

"थांब गं जरा."

तिनं जहाज उचलून पाणी काढलं, हेअरपिननं वरची फळी उचकटली आणि बुडाशी काठावरचे गोटे भरले. पुन्हा सोडलं, पुन्हा कललं. मग गोटे मधोमध सरकवले. या वेळी ते ताठ उभं राहिलं. शिडात वारा भरला आणि जहाज असं निघालं की ते धरायला तिला गुडघाभर पाण्यात जावं लागलं. मी काठावरून टाळ्या वाजवल्या. लोक बघत होते, बघू देत.

परतीच्या गाडीत गर्दीच्या रेट्यात डोलकाठी मोडली. ती नीट करायला मी सवयीनं हात पुढं केला. तिनं तो हलकेच बाजूला सारला.

"राहू दे आज्जी. माझं जहाज आहे, मी करते."

माझी मुलं जन्मभर 'आईचं जहाज' म्हणत आली. मी हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसले. तिला दिसू नये म्हणून डोळे पदरानं पुसले.